इतिहासात जादू मिसळताना : केप्लर, प्राग आणि एका आईचा खटला

आइसलंडमधला १४ वर्षांचा मुलगा. तो तीन वर्षांचा असतानाच वडील गेलेले. आई हेक्ला पर्वताच्या उतारावर जडीबुटी गोळा करते, काहीबाही विधी करत ती शिजवते, बकऱ्याच्या कातड्याच्या पिशव्यांत भरते आणि बंदरात येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना विकते. एकदा आत काय आहे ते बघायला म्हणून मुलगा विकलेली पिशवीच फाडतो. आई इतकी भडकते की घेतलेले पैसे परत करण्याऐवजी पोरालाच कप्तानाच्या हवाली करून टाकते. जहाज वाऱ्यानं ढकललं जाऊन डेन्मार्कजवळच्या व्हेन बेटाशी येतं. तिथे टायको ब्राहे नावाचा खराखुरा खगोलशास्त्रज्ञ आपल्या खऱ्याखुऱ्या वेधशाळेत बसलेला. मुलगा त्याच्याकडे राहतो, ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला शिकतो आणि पाच वर्षांनी घरी परततो. एव्हाना आईचा राग निवळलेला असतो. ती त्याला गुपित सांगते : तिला सगळं ज्ञान पिशाच्चांकडून मिळतं आणि त्यातल्या एकाला बोलावून ती चंद्रावरची हकिगत ऐकवू शकते.

कुमारवयातला नायक, मंत्रतंत्र जाणणारी आई, इतिहासातला एक नामांकित माणूस आणि दुसऱ्या जगाची वाट. आजच्या एखाद्या तरुण वाचकांसाठीच्या ऐतिहासिक फँटसीच्या मलपृष्ठावर हा मजकूर सहज शोभेल. पण गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची आहे. तिचं नाव ‘सोम्नियम’, म्हणजे स्वप्न. लिहिणारा योहानेस केप्लर, ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे शोधणारा. १६०९च्या सुमारास त्यानं ती प्रागमध्ये लिहिली. छापून आली १६३४ मध्ये, तो वारल्यावर चार वर्षांनी.

खऱ्या इतिहासात जादू मिसळणाऱ्या कादंबऱ्या इंग्रजीत सध्या भरपूर निघतात. साधारण १२ ते १८ या वयाच्या वाचकांसाठी त्यांचं वेगळं कपाटच असतं, आणि त्या मोठी माणसंही बिनदिक्कत वाचतात. आपल्याकडे मात्र या प्रकाराकडे बघताना दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. इतिहासप्रेमी म्हणतात, हा इतिहासाशी खेळ आहे. वाचणारी पोरं म्हणतात, गोष्ट तर आहे, मनात येईल ते करावं. दोघांचंही मला पटत नाही. या प्रकाराला नियम आहेत, आणि बऱ्यापैकी कडक आहेत. ते समजून घ्यायला केप्लरची गोष्ट, त्याचं प्राग आणि त्याच्या आईवर झालेला खटला एवढं साहित्य पुरेसं आहे.

आधी थोडी वर्गवारी करू, कारण एकाच नावाखाली तीन वेगळे प्रकार खपवले जातात. पहिल्यात इतिहास जसा घडला तसाच घडतो, पण त्याच्या आडोशाला जादू चालू असते. लढाया त्याच तारखांना होतात, राजे त्याच दिवशी मरतात, फक्त वाचकाला पडद्यामागचं दिसतं. दुसऱ्यात जादूमुळे किंवा एखाद्या योगायोगामुळे इतिहासच वळण घेतो. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी वाचली असेल. १७६१च्या पानिपतावर विश्वासराव वाचतात आणि पुढचं सगळं बदलतं. तिथे जादूच्या जागी विज्ञान आहे, पण मांडणी याच जातीची. तिसऱ्या प्रकारात देश काल्पनिक असतो, त्याचे कपडे, किल्ले आणि जेवणखाण एखाद्या खऱ्या काळातून उचललेलं असतं. लेखकाला यात सर्वांत जास्त मोकळीक असते आणि जबाबदारी सर्वांत कमी. मी इथे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलतो आहे, कारण खरी कसोटी तिथेच लागते.

आता पहिला प्रश्न : खऱ्या इतिहासात जादू ठेवायची कुठे? जुन्या वाड्याच्या भिंतीत पणती ठेवायला कोनाडा असतो, त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. इतिहासातही असे कोनाडे असतात. काही जागी कागदपत्रं गप्प असतात. काही जागी ती एकमेकांविरुद्ध बोलतात. आणि काही जागी त्या काळच्या माणसांनी स्वतःच जादू नोंदवून ठेवलेली असते.

तिसऱ्या जातीच्या कोनाड्यांसाठी पवित्र रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाच्या प्रागसारखं शहर नाही. १५८३ मध्ये त्यानं आपला दरबार व्हिएन्नाहून प्रागला हलवला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथे जगभरच्या विचित्र वस्तू आणि विचित्र माणसं गोळा केली. चित्रं, घड्याळं, दुर्मिळ रत्नं, अद्भुत म्हणून जपलेले प्राण्यांचे अवशेष, सगळं एका संग्रहात. १५८४ मध्ये इंग्लंडहून जॉन डी आला. हा गणिती होता आणि देवदूतांशी बोलणं होतं असं मानत होता. त्याच्याबरोबर एडवर्ड केली, जो स्फटिकात बघून देवदूत काय म्हणतात ते सांगे आणि पुढे सोनं बनवून देण्याच्या आश्वासनावर मोठा झाला. बादशहानं त्याला आधी सरदारकी दिली आणि नंतर तुरुंगात टाकलं. डी याचा म्हणून ओळखला जाणारा काळ्या दगडाचा आरसा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्याचा दगड, ज्वालाकाच म्हणजे ज्वालामुखीतून बनलेली काळी काच, मेक्सिकोतल्या पाचुका भागातला निघाला, म्हणजे ॲझ्टेक लोकांचा आरसा अटलांटिक ओलांडून युरोपात आला होता. कादंबरीकारानं हे कल्पून लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता, जरा ताणतोयस.

टायको ब्राहेही तसाच. तरुणपणी द्वंद्वयुद्धात नाक कापलं गेलं, पुढे आयुष्यभर धातूचं नाक लावून फिरला. २०१० मध्ये त्याची कबर उघडून तपासणी झाली तेव्हा ते नाक पितळेचं असावं असं दिसलं. त्याच्याकडे एक पाळलेला एल्क होता, भलंमोठं सांबरासारखं जनावर. ते बिअर पिऊन जिन्यावरून पडून मेलं असं सांगतात. अशा माणसाला गोष्टीत घेताना जादू वाढवावी लागत नाही, उलट आवरावी लागते.

विश्वास बसणार नाही असा आणखी एक खरा तपशील आहे, आणि तो कुणी पुरेसा वापरलेला मी पाहिलेला नाही. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं कॅलेंडर सुधारलं आणि दहा दिवस गाळले. कॅथलिक सत्तेखालच्या बोहेमियानं, म्हणजे प्रागनं, ते १५८४ मध्ये स्वीकारलं. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी मात्र शतकभर जुनंच चालवलं, कारण पोपचं ऐकून तारीख बदलायची त्यांची तयारी नव्हती. परिणाम असा की प्रागहून निघून केप्लरच्या जन्मभूमीत, व्युर्टेमबर्गमध्ये पाऊल टाकलं की माणूस दहा दिवस मागे जायचा. वाढदिवस पुन्हा येऊ शकत होता. काळप्रवासासाठी मंत्र नको, सरहद्द पुरे. ज्या लेखकाला हे माहीत नाही, त्याच्या पात्रांची पत्रं पोचण्याआधीच उत्तरं यायला लागतात. ज्याला माहीत आहे, त्याला फुकटात एक अख्खं प्रकरण मिळतं.

नोंदी एकमेकींविरुद्ध बोलतात त्याचंही उदाहरण प्रागमध्येच आहे. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. उंची सुमारे २१ मीटर. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेनं आणि देवदूतांनी झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. चिटणिसाला पुढे बादशहानं सरदारकी दिली आणि किताबात ‘उंच पडण्याचा’ उल्लेख घातला. यातून तीस वर्षांचं भीषण युद्ध उभं राहिलं. खिडकी खरी, पडणं खरं, वाचणं खरं. मधले दोन क्षण लेखकाचे.

पण प्रत्येक प्रसिद्ध कोनाडा खरा नसतो. प्रागच्या किल्ल्यात ‘सोनेरी गल्ली’ आहे. बुटकी, रंगीत घरं. रुडॉल्फचे किमयागार इथे सोनं बनवत असा समज आहे आणि कित्येक गोष्टी त्यावर उभ्या आहेत. प्रत्यक्षात ती घरं किल्ल्याच्या पहारेकऱ्यांची होती. तसंच गोलेमचं. मातीच्या पुतळ्यात मंत्रानं जीव घालून ज्यूंच्या वस्तीचं रक्षण करणारा रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव ही प्रागची सर्वांत गाजलेली दंतकथा. रब्बी लोव खरा, १६०९ मध्ये वारला. रुडॉल्फशी १५९२ मध्ये त्याची भेट झाल्याची समकालीन नोंदही आहे. पण त्याचं नाव गोलेमशी जोडलेलं छापील स्वरूपात दिसतं ते १९व्या शतकात, दोनशेहून अधिक वर्षांनंतर. म्हणून गोलेम वापरू नये असं नाही. पण ‘त्या काळचे लोक असं मानत’ असं म्हणत वापरला तर ती थाप ठरते. जादू खोटी असते हे वाचकाला ठाऊकच असतं. जादूभोवतीचा इतिहास खोटा असेल तर त्याची फसवणूक होते.

दुसरा नियम जादूच्या मर्यादेचा. इथे केप्लर आजच्या अनेकांना धडा देईल. त्याचं पिशाच्च सर्वशक्तिमान नाही. चंद्रावरून येणाऱ्या या जीवांना सूर्यप्रकाश सोसत नाही, त्यामुळे पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधली वाट त्यांना फक्त ग्रहणाच्या सावलीतून उघडते. प्रवास जास्तीत जास्त चार तासांचा. माणसाला न्यायचं तर आधी अफू देऊन निजवावं लागतं, कारण निघतानाचा धक्का जीवघेणा असतो. पुढे भयंकर थंडी आणि श्वास कोंडणं, म्हणून नाकाशी ओला स्पंज धरायचा. ही पिशाच्चविद्या आहे, पण ग्रहणाचं गणित चोख आहे. चंद्रावर पोचल्यावर तर कमालच. तिथला एक दिवस आणि एक रात्र मिळून आपला महिना. चंद्राच्या एका अर्ध्या भागातून पृथ्वी आकाशात एकाच जागी टांगलेली दिसते, कला बदलत, स्वतःभोवती फिरत. दुसऱ्या अर्ध्या भागातल्या लोकांना ती कधीच दिसत नाही. हे सगळं बरोबर आहे, आणि कुणी चंद्रावर जाऊन पाहण्याआधी साडेतीनशे वर्षं लिहिलेलं आहे.

केप्लरला यातून एक मुद्दा सांगायचा होता. चंद्रावरच्यांना वाटतं आपली जमीन स्थिर आहे आणि बाकी सगळं फिरतंय. आपल्यालाही अगदी तसंच वाटतं. मग आपल्या वाटण्याला पुरावा कसं म्हणायचं? पृथ्वी फिरते असं उघड म्हणणं त्या काळी गैरसोयीचं होतं. १६१६ मध्ये रोमनं कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी घातली. केप्लरनं तेच एका आइसलंडी म्हातारीच्या पिशाच्चाच्या तोंडून वदवलं. ती पिशाच्चाला २१ अक्षरांनी बोलावते, आणि २१च का, तर लॅटिनमध्ये ‘ॲस्ट्रोनोमिया कोपर्निकाना’ याची अक्षरं २१ होतात, असं त्यानं स्वतःच टिपेत लिहून ठेवलं आहे. चांगल्या ऐतिहासिक फँटसीत जादूचं काम हेच असतं : त्या काळात जे थेट बोलता येत नव्हतं त्याला तोंड मिळवून देणं.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि मोडलाही तोच सर्वांत जास्त जातो. जादूनं खऱ्या माणसांचा दोष घ्यायचा नाही आणि श्रेयही घ्यायचं नाही.

श्रेयाचं आधी बघू. केप्लरनं मंगळाच्या कक्षेवर १६०० मध्ये काम सुरू केलं. वर्तुळं घेऊन त्यानं एक छान मांडणी बसवली होती, पण टायकोच्या मोजमापांशी ती आठ कलांनी जुळेना. इथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग. दुसऱ्या कुणी तेवढं चालवून घेतलं असतं. केप्लर म्हणाला, टायको एवढा चुकणार नाही. आपली मांडणी त्यानं टाकून दिली आणि पुन्हा आकडेमोडीला बसला. १६०९ मध्ये लंबवर्तुळ छापून आलं. आता कल्पना करा की एखाद्या कादंबरीत रात्री खिडकीत परी येते आणि त्याच्या कानात लंबवर्तुळ सांगून जाते. गोष्ट गोड होईल, पण वाचणाऱ्या पोराच्या मनात एवढंच राहील की मोठे शोध वरून येतात. जादू हवीच असेल तर ती केप्लरच्या आसपास कुठेही ठेवा : टायकोच्या आकड्यांची वही कुणाच्या ताब्यात जाते यात ठेवा, बुडालेला पगार वसूल करण्यात ठेवा. (तो पगार कायम थकलेला असे. तिथे जादूची खरंच गरज होती.) आकडेमोड मात्र त्याची त्याला करू द्या.

दोषाचं प्रकरण अधिक नाजूक आहे, आणि इथे त्याची आई येते.

काथारिना केप्लर. लेऑनबर्ग या लहान गावातली विधवा, औषधी काढे करणारी, बोलायला फटकळ. १६१५ मध्ये तिच्या ओळखीच्या एका बाईनं आरोप केला की काथारिनानं दिलेल्या कडू पेयानं आपण कायमच्या आजारी पडलो. मूळ कारण भांडणाचं होतं. पण गावातला अधिकारी आरोप करणारीच्या बाजूचा, आणि काळ असा की एकदा चेटकीण हा शब्द उच्चारला गेला की शेजारीपाजारी जुन्या आठवणी उकरून काढायचे : अमक्याचं वासरू मेलं, तमकीचा पाय दुखायला लागला. १६२० मध्ये, वयाच्या सत्तरीत, तिला रात्री मुलीच्या घरातून पेटीत घालून उचलून नेलं. चौदा महिने ती कैदेत होती. मुलगा स्वतःचं काम बाजूला ठेवून आला आणि एकेका साक्षीचा मुद्देसूद प्रतिवाद तयार केला. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून धमकावण्यात आलं. ती म्हणाली, काहीही करा, कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये ती सुटली. सहा महिन्यांनी गेली.

केप्लरला पुढे एक शंका छळत राहिली. ‘सोम्नियम’च्या हस्तलिखिताची एक प्रत १६११ मध्ये प्रागबाहेर गेली होती. त्यातली आई पिशाच्च बोलावते, आणि चंद्रावर जायला सर्वांत योग्य कोण, तर लहानपणापासून रात्री बोकडावर किंवा काठीवर बसून फिरलेल्या वाळक्या म्हाताऱ्या, असा एक चावट विनोदही त्यात आहे. केप्लरनं टिपेत लिहिलं की ही गोष्ट न्हाव्यांच्या दुकानांपर्यंत पोचली आणि आपल्या घरावरच्या कुजबुजीला तिनं खतपाणी घातलं असावं. खटल्याची सुरुवात भांडणातून झाली हे उघड असलं तरी लेखक म्हणून त्याला लागलेली टोचणी समजण्यासारखी आहे. गमतीत मिसळलेली जादू खऱ्या बाईच्या अंगावर शेकू शकते, हे त्यानं घरातच पाहिलं.

आता आजच्या कादंबऱ्यांकडे या. चेटकिणींच्या खटल्यांचा काळ त्यांचा फार आवडता. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात या आरोपाखाली ४० ते ५० हजार माणसांना मृत्युदंड झाला असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. कादंबरीकाराला मोह होतो की आपली नायिका त्यांच्यातलीच, पण खरोखरची चेटकीण दाखवावी. शक्तिशाली, बंडखोर, न भिणारी. हेतू चांगला असतो. पण थांबून विचार करा : नायिका खरंच चेटकीण असेल, तर तिला पकडणारा अधिकारी बरोबर ठरतो की! त्याची पद्धत क्रूर, पण संशय खरा. काथारिनानं ज्या एका वाक्यावर जीव वाचवला, ‘माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही’, तेच वाक्य कादंबरी तिच्या तोंडून काढून घेते.

यातून वाट नाही असं नाही. गोष्टीत जादू असू दे, पण खटला उभा राहिलेली बाई निर्दोषच असू दे. खरी जादू येणारी मुलगी कुणाच्या संशयातही नसलेली असू शकते, अगदी त्या अधिकाऱ्याच्या घरातली. मग कथेला धार येते, कारण तिला ठाऊक असतं की आपल्यामुळे दुसरीच कुणी कोठडीत आहे. किंवा जादू असून उपयोगाची नाही असं दाखवता येईल : पिशाच्च चंद्र दाखवू शकतं, पण न्यायालयात त्याची साक्ष चालत नाही. तिथे मुलाचे कागदच लागतात.

टायकोच्या मृत्यूचंही असंच. १६०१ मध्ये एका मेजवानीनंतर अकरा दिवसांत तो गेला. पुढे केसांत पारा सापडल्याच्या बातम्या आल्या, विषप्रयोगाची चर्चा झाली, आणि मोजमापांच्या वह्यांसाठी केप्लरनंच मारलं असावं इथपर्यंत मजल गेली. कबर उघडून झालेल्या तपासणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मरण्याइतका पारा नव्हता. खुनाची गोष्ट खपते, हे मान्य. पण बचाव करायला नसलेल्या खऱ्या माणसावर खून घालायचा असेल तर नाव बदलावं, एवढी तरी रीत पाळावी.

कुणी म्हणेल, हे सगळे नियम परदेशी. मला तसं वाटत नाही. सभासदाची बखर काढून बघा. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षांच्या आत, १६९७च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासदानं ती लिहिली. अफजलखान येतोय अशा वेळी तुळजापूरची भवानी राजांना दर्शन देते, धीर देते, खान मारला जाईल असं सांगते. सभासदासाठी हा इतिहासच होता, श्रद्धेचा भाग होता, त्याला जादू म्हणणं चुकीचं होईल. पण मांडणी बघण्यासारखी आहे. देवी आश्वासन देते, मग मागे सरते. अंगरख्याआड चिलखत घालणं, हाती बिचवा घेणं, रानात फौज पेरणं, हे सगळं राजांनीच करायचं. खानाला देवी मारत नाही. श्रेय कुणाचं याबद्दल सभासदाचा गोंधळ नव्हता.

या कादंबऱ्यांत नायक कुमारवयातलाच का, हे एकदा सांगून टाकतो. वयाचा बाजार हे एक कारण आहेच. पण इतिहासाच्या कागदांत मुलं क्वचितच येतात. खजिन्याच्या हिशेबात, दरबारी पत्रांत १५ वर्षांच्या मुलीला जागा नसते. त्यामुळे कुठल्याही नोंदीला धक्का न लावता तिला कुठेही उभं करता येतं. केप्लरनंही तेच केलं. तो स्वतः व्हेन बेटावर कधीच गेला नव्हता, टायकोला तो भेटला १६०० मध्ये, प्रागजवळ. पण एका काल्पनिक पोराला त्यानं वीसेक वर्षं मागच्या त्या वेधशाळेत नेऊन बसवलं, आणि तिथे खरोखरच बरेच शिष्य येत-जात असल्यामुळे एक आइसलंडी पोर जास्त झाल्यानं काही बिघडलं नाही.

आता पुस्तक निवडायचं कसं? मी आधी शेवटची पानं उघडतो. चांगल्या ऐतिहासिक फँटसीच्या मागे लेखकाचं टिपण असतं : काय खरं, काय रचलेलं, कुठली तारीख सोयीसाठी सरकवली. ते नसेल तर पुस्तक टाकावं असं नाही, पण जरा सावध वाचावं. लहान वाचकाच्या हातात देताना तर ते टिपण त्याच्याबरोबर वाचावं. मुलांना ‘हे खरंच झालं होतं?’ हा प्रश्न गोष्टीइतकाच आवडतो. या बाबतीत केप्लरनं अतिरेक केला : मूळ गोष्ट छोटीशी, आणि त्याला त्यानं नंतरच्या वर्षांत २२३ टिपा जोडल्या, गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त मजकुराच्या. आईच्या खटल्यानंतर त्याला एकही ओळ संदिग्ध ठेवायची नव्हती.

आणि कुणाला मराठीत असं काही लिहायचं असेल तर एक धागा सुचवून ठेवतो. १५७७च्या नोव्हेंबरात एक प्रचंड धूमकेतू दिसला. व्हेन बेटावरून टायकोनं तो मोजला आणि तो चंद्राच्याही पलीकडे आहे हे दाखवलं. लेऑनबर्गमध्ये काथारिनानं आपल्या लहानग्या योहानेसला उंचावर नेऊन तो दाखवला, ही आठवण केप्लरनं लिहून ठेवली आहे. इकडे अकबरनाम्यातही त्याची नोंद आहे. दख्खनमध्ये तेव्हा अहमदनगरला मुर्तझा निजामशहा होता, आणि त्याची बहीण चांदबिबी विजापूरला अली आदिलशहाची बेगम होती. एवढ्या सामग्रीवर पहिलं प्रकरण उभं राहतं. तिच्या महालातली एखादी १५ वर्षांची मुलगी, धूमकेतूच्या उजेडात जिला काहीतरी दिसतं, हे तुमचं तुम्ही रचा. फक्त तीन वर्षांनी, १५८० मध्ये, अली आदिलशहाचा खून होतो. तो ज्यानं केला त्याच्याच हातून होऊ द्या, धूमकेतूच्या माथी मारू नका.